निळ्या काठाचं भांडं

माझ्या घरात दुसऱ्याचं भांडं मुक्कामाला राहत नाही. शेजारणीने वाटीभर कालवण दिलं, की दिवस मावळायच्या आत ती वाटी घासून, पुसून, तिच्यात मूठभर शेंगा नाहीतर गुळाचा खडा घालून मी परत करते. घालून परत करण्यात विशेष काही नाही, आपल्याकडे सगळेच करतात. माझी घाई तेवढी लोकांना खुपते. सूनबाई हसते. म्हणते, "आत्याबाई, उद्या दिली तर ती काय फौजदाराकडं जाणार हाय का?" मी तिच्यावर खेकसते. म्हातारीला खोड आहे, असं सगळे म्हणतात. म्हणू देत. खोड कुठून लागली ते मी कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून आता लिहिते.

आमची जमीन लोणावळ्याच्या अंगाला होती. भाताची खाचरं होती, खळं होतं, खळ्याच्या कडेला आंबा होता. मग धरण झालं आणि पाणी चढत चढत आंब्याच्या शेंड्यावरून गेलं. मी तेव्हा इतकी लहान, की मला त्यातलं काही आठवायला नको. पण आई त्या घराबद्दल रोज बोलायची, त्यामुळे न पाहिलेली ओसरी मला आजही दिसते. सुगीला दारात आलेल्या माणसाला आई सूप भरून भात घालायची. ते सूप तर मला इतकं स्पष्ट दिसतं, की त्याची फाटलेली कडासुद्धा सांगता येईल.

आम्ही कामशेतला आलो. गावाबाहेर ओढ्यापलीकडे एका टेकाडावर झोपडी घातली. वडील तांदळाच्या वखारीत पोती उचलायचे आणि आई वखार झाडायची. झाडताना सांडलेले तांदूळ मिळायचे, तीच तिची मजुरी. पावसाळ्यात वखारी थंड पडायच्या, तेव्हा भात लावायला दुसऱ्याच्या रानात जायचं. रान गेलं होतं, पण आईचा बाणा गेला नव्हता. झोपडीला दार नव्हतं, पोतं टांगलेलं होतं. त्या पोत्यासमोरसुद्धा रोज सडा पडायचा.

त्या वर्षी वैशाखात मला भाऊ झाला. आईच्या अंगावर दूध टिकलं नाही. पेज पाजून पाजून ते पोर जगत होतं. हातपाय काटक्यांसारखे, पण हसायचं मात्र खूप. माझी वेणी हाताला लागली की सोडायचं नाही. मनगटात काळ्या-पांढऱ्या मण्यांची मनगटी होती, ती सारखी कोपरापर्यंत घसरायची आणि आई ती परत खाली ओढायची.

त्याच सुमाराला कामशेतात दुधाची खोली उघडली. लोणावळ्यात मुंबईच्या एका शेठजींचा बंगला होता. त्यांचं एकुलतं एक मूल हवापालटासाठी तिथे आणलं होतं आणि तिथेच गेलं. शेठाणींनी त्याच्या नावाने फंड काढला, मावळातल्या गरिबांच्या तान्ह्या मुलांना दूध मिळावं म्हणून. लोणावळ्यातल्या चार मोठ्या माणसांची कमिटी झाली, स्टेशनामागे एक खोली भाड्याने घेतली आणि पुण्याहून नर्सिंग शिकलेल्या एक बाई तिथे आल्या. बाई स्वभावाने गोड होत्या. पण स्वच्छतेच्या बाबतीत कडक. आमच्या घरच्या गाडग्यामडक्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. शेठाणींनी मुंबईहून झाकणीची एनॅमलची भांडी पाठवली होती, पांढरीशुभ्र, निळ्या काठाची. बाई ती उकळत्या पाण्यातून काढायच्या, दूध तापवून त्यात भरायच्या आणि घरी न्यायला द्यायच्या. भांडी मोजकी. म्हणून नियम एकच होता. कालचं भांडं द्या, आजचं न्या.

भांडं परत करायचं म्हटल्यावर ते रिकामं कोण देणार? वरच्या ठाकरवाडीतल्या बायकांचं बरं होतं. त्यांना डोंगर द्यायचा. कुणाच्या भांड्यात कर्टुली, कुणाच्या भांड्यात कुर्डूची भाजी, कुणी पानात मध बांधून आणायची. एकीने खेकडा आणला. बाईंनी झाकण उघडलं, खेकड्याने नांगी वर केली आणि बाई अशा किंचाळल्या, की स्टेशनातला हमाल धावत आला. मग त्यांनी सगळ्यांना समजावलं, "हे दूध धर्माचं आहे. त्याच्या बदल्यात काही द्यायचं नसतं. भांडं रिकामं आणत जा." बायका म्हणाल्या, "व्हय बाई." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भाजी घेऊन आल्या.

शेठाणींचं मूल गेल्याची गोष्ट बायकांमध्ये पसरलेली होती. आईने ती ऐकली त्या दिवशी तिने भांडं दोनदा घासलं. आमच्या मडक्यात वखारीतले तांदूळ असायचे. आई ते सुपात घेऊन निवडायला बसायची. तुकडा आम्हाला, अख्खा दाणा भांड्याला. मला राग यायचा. दूध फुकट म्हणतात, आणि आमचे तांदूळ तर रोज चाललेत! एकदा वडीलसुद्धा म्हणाले, "अगं, धर्माचं हाय ते. रिकामं दिलं तरी चालतंय."

"धर्माचं हाय म्हनूनच," आई म्हणाली. "तिचं लेकरू गेलंय. तिच्या पोराच्या वाट्याचं दूध माझ्या पोराच्या पोटात जातंय. आन् तिच्या दारात मी रिकामं भांडं धाडू? रिकाम्या वटीच्या बाईला?"

वडिलांनी सूप तिच्याकडे सरकवलं.

दुधाने भाऊ भरला. गाल वर आले, मनगटी आता जागेवर राहू लागली. तो पालथा पडायला शिकला आणि पालथा पडला की आपल्याच पराक्रमाने चकित होऊन आमच्याकडे बघायचा. आई त्याला रोज काजळाची तीट लावायची आणि म्हणायची, "आता याला कुनाची नजर न्हाई लागायची." त्या श्रावणात आमच्या घरात जितकं हसू होतं तितकं पुढे कधी झालं नाही.

भादवा लागला. मावळात भादवा वाईट. जुनं धान्य संपलेलं, नवं अजून पोटरीत. लावणीची कामं उरकलेली असतात आणि वखारींना कुलपं असतात. वडील घाटातल्या रेल्वेच्या कामावर मजुरी मिळते का बघायला गेले, त्यांचा पत्ता नव्हता. एका सकाळी आईने मडकं उपडं करून त्याच्या बुडावर थाप मारली. सुपात थोडी धूळ पडली. भांडं राखेने घासून लख्ख ठेवलेलं होतं. आईने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "उद्या देऊ."

मी तशीच रिकाम्या हाताने खोलीवर गेले. बाई म्हणाल्या, "अगं, भांडं कुठंय? आज जास्तीचं एकही नाही बघ. पळत जा, घेऊन ये, मी दूध ठेवते हो बाजूला." मी पळत आले. आईने भांडं मांडीखाली घेतलं होतं.

मी बांधावरून कुर्डूचा पाला ओरबाडून आणला. "हा घाल ना आई. ठाकरणी घालत्यात."

"त्या रानच्या धनिनी हाईत. रान त्यांचं हाय, त्या त्यातलं देत्यात," आई म्हणाली. "आपलं भाताचं घर. बांधावरचा पाला घालून भांडं देऊ? शेठानीच्या घरात काय शेरडं हाईत?"

ठाकरवाडीतली एक मावशी आमच्या दारावरून जायची. तिने हे ऐकलं आणि टोपलीतली कर्टुली पुढे केली. "ही घाल गं. लेकरू भुकंलंय."

"तुझं तू दे, मावशी," आई म्हणाली. "तुझ्या हातचं माझ्या नावानं कसं देऊ?"

मावशी कर्टुली आमच्या पोत्यापाशी ठेवून गेली. ती आम्ही उकडून खाल्ली. त्यातलं एकही भांड्यात गेलं नाही.

आज मला आईचा राग येतो, तेव्हाही येत होता. पण खरं सांगायचं तर तिच्या जागी दुसरं काय करायचं हे मला सुचत नव्हतं. तिच्याकडून सगळं गेलं होतं. कुणाच्या दारात रिकामं जायचं नाही, एवढं एकच त्या बुडालेल्या घरातून तिने बरोबर आणलं होतं. बाळ पेजेच्या पाण्यावर आलं. रडायचं, दमायचं, पुन्हा रडायचं. आई म्हणायची, तुझा बाप येईल, तांदूळ आणील, मग देऊ.

मग बाई स्वतः आल्या.

दुपार होती. भुरभुर पाऊस होता. ओढ्याकडून छत्री येताना मी पाहिली आणि आनंदाने ओरडणार, तेवढ्यात आईने मला दंडाला धरून आत ओढलं. पोतं खाली सोडलं. आम्ही कुडाला पाठ लावून बसलो. बाळ कुरकुरत होतं. आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"घरात कुणी आहे का?"

आई हलली नाही.

"अहो, बाळाची आई! घरात आहात का? भांडं नसलं तरी चालेल हो. नुसत्या या. बाळाला घेऊन या."

पोत्याच्या विणीतून उजेड येत होता. त्या उजेडात मला आईच्या हाताच्या वर बाळाचे डोळे दिसत होते. ते माझ्याकडे बघत होते. आईचा हात हलका होता, श्वास कोंडेल असा नव्हता, पण त्याने धडपडसुद्धा केली नाही. पंधरवड्यापूर्वी त्याने सगळा डोंगर डोक्यावर घेतला असता. आईच्या गालावरून पाणी ओघळून तिच्या हनुवटीवर थांबलं होतं. मला कळत होतं की आपण आता ओरडलो तर सगळं ठीक होईल. आणि मी ओरडले नाही, कारण आईची शरम मला बाळाच्या भुकेपेक्षा मोठी वाटत होती. आईनेच मला ती तशी शिकवली होती.

बाईंनी आणखी एकदा हाक मारली. मग काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला आणि चिखलातून पावलं लांब गेली. पोतं उचलून बघितलं, तर दारात निळ्या काठाचं भांडं. दूध अजून कोमट होतं.

आईने ते बाळाला पाजलं, थेंब न् थेंब. पाजून झाल्यावर ते घासलं आणि पहिल्याशेजारी ठेवलं. एकाची भरपाई होत नव्हती, तिथे आता दोन झाली. माझ्या आईला कुणी शिक्षा द्यायचं ठरवलं असतं तरी याहून मोठी सुचली नसती, आणि बिचाऱ्या बाईंनी ती मायेपोटी दिली होती.

त्यानंतर पावसाची झड लागली. ओढ्याला पाणी आलं, इकडचं माणूस तिकडे जाईना. बाळाला जुलाब लागले. ठाकरीण मावशी डोंगराच्या बाजूने उतरून आली, मुरुडशेंग उगाळून चाटवून गेली. पण ज्याच्या अंगात काही उरलंच नाही त्याला औषध काय धरणार? पाऊस उघडला त्या सकाळी आई त्याला मांडीवर घेऊन बसली होती. मला म्हणाली, "मनगटी बघ कशी सैल झाली. परत वर सरकाया लागली." मी बघितलं. मनगटीकडे माझं लक्ष गेलं नाही. बाळ हालत नव्हतं.

दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही. सोयरे धान्य आणतात, भाकरी आणतात, जेवायला बसवतात. आईचं माहेर तिकोणा पेठेचं. वडील निरोप मिळून घाटातून परतले. मामा खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊन आला. चुलत्यांनी आणले, वखारीतल्या हमालांनी आपसांत मिळून आणले, ज्यांच्या रानात आईने भात लावला होता त्यांनीसुद्धा पाठवले. मडकं भरलं, गाडगं भरलं, उरलेले लुगड्याच्या धडप्यात बांधले. झोपडीत आंबेमोहोराचा वास सुटला. मला तो वास आजही सहन होत नाही. पुढे उर्से गावात लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई कौतुकाने आंबेमोहोर शिजवायच्या आणि मी परसात जाऊन उभी राहायचे. माहेरी चांगलं खायची सवय नसेल, असं त्या म्हणायच्या.

आई सुतक फिटलं त्या दिवशी उठली, दोन्ही भांडी पुन्हा घासली, सुपात तांदूळ घेतले आणि निवडायला बसली. वास्तविक त्यात खडा नव्हता. अख्खे दाणे वेचून तिने दोन्ही भांडी काठोकाठ भरली, झाकणं लावली आणि मला म्हणाली, "जा, देऊन ये."

बाईंनी मला लांबून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "आलीस! दोन्ही आणलीस? शहाणी गं माझी ती." त्यांनी झाकण उघडलं. "अगंबाई, इतके तांदूळ?" असं म्हणून हसल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत नव्या भांड्यात दूध भरून माझ्या हातात दिलं. "कोमट आहे. लगेच पाज. बाळ कसं आहे?"

"न्हाई," मी म्हटलं.

"नाही म्हणजे?"

"बाळ न्हाई."

त्यांनी हातातलं झाकण खाली ठेवलं. "अगं, मग भांडं आधी का नाही आणलंत? नुसतं घेऊन आली असतीस तरी..."

"घालाया काय न्हवतं."

त्यांना पहिल्यांदा समजलंच नाही. मग त्यांनी हातातल्या तांदळाकडे बघितलं, माझ्या कुंकू नसलेल्या कपाळाकडे, विटलेल्या परकराकडे, आणि खोलीच्या पायरीवर बसल्या. बाईंच्या घरीही हीच रीत असणार. शेजारची वाटी त्यांच्या आईनेही रिकामी दिली नसेल. पण फंडाच्या भांड्यालाही ती लागू होते, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या रडत होत्या आणि मी भांडं धरून उभी होते. ते दूध मी घरी नेलं नाही. वाटेत ठाकरीण मावशी भेटली, तिच्या नातवाला दिलं. भांडं तिने परत केलं असेल, कर्टुली घालून.

दुसऱ्या दिवसापासून भांडी घरी न्यायची पद्धत बंद झाली. बाया मुलं घेऊन खोलीवर यायच्या, बाई चमच्याने दूध पाजायच्या आणि भांडं तिथल्या तिथे त्यांच्या हातात राहायचं. दाराशी एक टोपली ठेवली होती. ज्याला घालायचं त्याने घालावं, कोण घालतं ते बाई बघायच्या नाहीत. उन्हाळ्यात शेठाणी आल्या तेव्हा त्या टोपलीतल्या तांदळाची पेज बाईंनी त्यांना दिली, आणि शेठाणी ती पेज हातात धरून फार वेळ बसल्या, असं ऐकलं. खरंखोटं देव जाणे.

तो फंड पुढे पुष्कळ चालला. त्या दुधावर वाढलेले बापे मी कामशेतच्या बाजारात पाहिले आहेत. धिप्पाड, पोती उचलणारे, मिशीला पीळ देणारे. दान वाया गेलं असं मी कधी म्हणणार नाही. फक्त त्या वयाचा कुणी दिसला, की माझी नजर आधी त्याच्या मनगटाकडे जाते.

आणि हाक येते. उर्शाला माझ्या घरात भरल्या दुपारी, भुरभुर पाऊस असला की, दारातून कुणीतरी विचारतं, "घरात कुणी आहे का?" मी हातातलं टाकून पळत जाते. "आहे, आहे!" असं ओरडतच जाते. अंगणात कुणी नसतं. मुलं लहान असताना विचारायची, "आई, कुनाला बोलतीस?" मी म्हणायचे, भिकारी होता, गेला.

लढाईच्या दिवसांत आई शेवटची माझ्याकडे आली. वडील आधीच गेले होते. तांदूळ तेव्हा रेशनवर मापाने मिळायचा, पण आईला आता तांदूळ लागत नव्हता. वाटीभर दुधावर तिचा दिवस जायचा. बाळाचं नाव तिने त्या सकाळनंतर कधी काढलं नव्हतं, आणि आम्हीही काढलं नव्हतं. एका दुपारी मी तिला उठवून बसवलं, दूध पाजलं आणि वाटी घ्यायला हात पुढे केला. तिने वाटी सोडली नाही. दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"घरात काय हाय का गं?" तिने विचारलं.

"कशाला?"

"रिकामी कशी देऊ?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. इतक्या वर्षांची. "आई, मी काय शेठानी हाय का? तुझी लेक हाय मी. दे ती वाटी रिकामी!"

तिने वर बघितलं. डोळे अगदी स्वच्छ होते, भ्रम वगैरे काही नव्हता. मग ती हळूच म्हणाली, "तवा रिकामं दिलं असतं, तर जगलं असतं का गं?"

या प्रश्नाची उत्तरं मी लहानपणापासून तयार करून ठेवली होती. चुलीशी बसून, दळण दळताना, मुलांना न्हाऊ घालताना. सगळी रागाची होती आणि सगळी खरी होती.

"न्हाई गं आई," मी म्हटलं. "ते जगनारं न्हवतंच."

तिला ते पटलं की नाही, मला माहीत नाही. मग तिने बोटं सैल केली आणि वाटी तशीच, रिकामी, माझ्या हातात दिली.